चरणं थांबलं, की आपण थांबायचं

"मामा, पट्ट्यांकडे नका बघू. तोंडाकडे बघा."

केनियातल्या नैवाशा सरोवरातल्या क्रेसेंट बेटावर उतरून आम्हाला पाच मिनिटंही झाली नव्हती. समोर तीसेक पावलांवर सात झेब्रे चरत होते. मध्ये कुंपण नाही, चर नाही, जीपची काच नाही. गुडघ्याएवढं वाळकं गवत आणि आम्ही. आमचा वाटाड्या तिशीतला मुलगा होता, इंग्रजी अगदी स्वच्छ बोलायचा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला तिकडे आदरानं मामाच म्हणतात. ह्यांना तो 'म्झे' म्हणत होता, म्हणजे वडीलधारे.

"खाताहेत ना? जबडा हलतोय ना? मग आपण योग्य अंतरावर आहोत. एकानं जरी खाणं थांबवून मान वर केली, की आपणही थांबायचं. परत खायला लागला तरच पुढचं पाऊल. नाही लागला, तर मागे."

बेटावर चालायचं कसं, याचा हा पहिला धडा. पुढच्या तीन दिवसांत मी बाकी काय काय पाहिलं ते सांगेनच, पण माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हेच होतं.

आम्ही इंदापूरकडचे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा पाणी आणि पाण्याची पातळी हा घरातला रोजचा विषय. उजनीचं धरण १९८० चं. भिगवणला रोहित पक्षी येतात ते त्याच्याच फुगवट्यावर. तिथे थंडीत होडीतून कितीदा गेलो असू. नान्नजच्या माळावर काळवीटही पाहिलेत, पण लांबून. माणूस पायी दिसला की ते उधळतात. त्यामुळे मुलगा नैरोबीहून फोनवर म्हणाला, "आई, इथे एक जागा आहे, जिराफांच्या मधून चालत जाता येतं," तेव्हा मला ते खरंच वाटेना.

जाण्याआधीची तयारी थोडक्यात सांगते, कारण आमच्या वयाच्या लोकांना त्याची गरज पडेल. केनियाला आता जुन्या पद्धतीचा व्हिसा लागत नाही. जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. तो मुलानं काढला. जास्त महत्त्वाची गोष्ट पीतज्वराच्या लशीची. ती सगळीकडे मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. परत येताना आपल्याच विमानतळावर तो पिवळा दाखला विचारतात. साठीच्या पुढच्यांना ही लस सरसकट देत नाहीत, आधी डॉक्टर नीट तपासतात, तेव्हा हे काम अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतली की आता जन्मभर चालते.

फेब्रुवारीत गेलो. नैरोबीपासून नैवाशा ९० किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघालो. तासाभरानं रस्ता एका कड्याच्या टोकाशी येतो आणि खाली एकदम रिफ्ट व्हॅली, म्हणजे खचदरी, उघडते. आपण घाटमाथ्यावरून कोकण बघतो ना, तसंच उभं राहून बघायचं, फक्त समोर समुद्राऐवजी लांबच लांब सपाट दरी आणि तिच्यात उभा लोंगोनोट हा २,७७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी. ही दरी जमीन ताणली जाऊन खचल्यामुळे झाली आहे. हे गाडीतून उतरून बराच वेळ नुसते उभे होते.

दरीत उतरलो म्हणजे फार खाली आलो असं वाटतं, पण नैवाशा सरोवर स्वतःच जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही वर. सकाळी स्वेटर लागतो, अकराला ऊन भाजतं. रस्त्याच्या कडेला मैलोन् मैल पॉलिहाउस. आत गुलाब. मावळातली पॉलिहाउस पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही, पण इथला पसारा मोठा आहे आणि ती सगळी फुलं विमानानं युरोपात जातात. पाणी अर्थातच या सरोवराचं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिकिटाचे आणि होडीचे पैसे मोबाईलवरून, एम-पेसानं. हा 'पेसा' म्हणजे आपला पैसाच; चपाती आणि गाडी हे शब्दही असेच इकडून तिकडे गेलेले. 'सफारी' म्हणजे स्वाहिलीत साधा प्रवास, मूळ अरबी, आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ. असे ओळखीचे शब्द कानावर पडले की परक्या धक्क्यावरही बिचकायला होत नाही.

लाइफ जॅकेट अंगात घालून होडीत बसलो आणि ह्यांचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते पाण्यात उभ्या असलेल्या मेलेल्या झाडांकडे. पांढरी, निष्पर्ण, शेकड्यांनी. फांद्याफांद्यांवर पाणकावळ्यांची घरटी. होडीवाल्यानं सांगितलं, ही सगळी काठावरची झाडं होती. २०२० च्या सुमारास पाणी चढत गेलं आणि काठ आत आत सरकला. एका नैवाशाचंच असं झालेलं नाही, खचदरीतली बारिंगो, नाकुरु ही सरोवरंही तशीच वाढली. लोकांची घरं, शेतं पाण्यात गेली. आम्हाला पळसदेवचं देऊळ आठवलं. उजनीत पाणी उतरलं की ते वर येतं आणि माणसं आपलं जुनं गाव बघायला जातात. पण आमच्याकडे दारं होती, पातळी ठरवता येत होती. इथे कोणाच्याच हाती काही नव्हतं.

ह्यांना आणखी एक कोडं होतं. मालेवा आणि गिलगिल या नद्या सरोवराला मिळतात, पण बाहेर एकही नदी जात नाही. असं पाणी हळूहळू खारं व्हायला हवं. शेजारची नाकुरु आणि एलेमेंतेइता तशी खारी आहेतही. नैवाशा मात्र गोडं. कारण पाणी तळातून, ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकांमधून, जमिनीखालून झिरपत निघून जातं आणि मीठ बरोबर घेऊन जातं. "अदृश्य सांडवा," हे म्हणाले आणि पुढचा अर्धा तास खूश होते.

गोडं पाणी म्हणून पाणघोडे, पाणपक्षी, मासे, सगळंच आहे. १९९५ मध्ये सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. काठानं पपायरसचे उंच झुबके. नीट पाहिलं तर नागरमोथ्याच्या कुळातलं हे रोप लगेच ओळखू येतं, फक्त माणसाहून उंच. आणि अधूनमधून जलपर्णीचे हिरवे तराफे. दक्षिण अमेरिकेतून आलेली तीच ती जलपर्णी, जी पंचगंगेत आणि मुळा-मुठेत दरवर्षी काढावी लागते. ती बघून जीव हळहळला.

वाटेत होडीवाल्यानं बादलीतला एक मासा उचलला आणि विचारलं, शीळ घालू का? इथे ही पद्धतच आहे. शीळ घालायची, मासा पाण्यावर फेकायचा, काठावरच्या झाडावरून आफ्रिकन मत्स्यगरुड झेपावतो आणि प्रवाशांना फोटो मिळतो. मासा बुडू नये म्हणून त्यात पपायरसचा तुकडा खोचतात. मी नको म्हटलं. त्या मुलाची रोजीरोटी आहे, त्याला बोल लावायचा नव्हता. माशाचे पैसे आम्ही दिले. पण शिट्टीवर येणारा गरुड मला बघायचा नव्हता. दहा मिनिटांनी एका वाळक्या फांदीवर जोडी दिसली. पांढरं डोकं, पांढरी छाती, तांबूस पोट. एकानं मान मागे टाकून साद घातली, दुसऱ्यानं तिच्यातच सूर मिळवला. ती साद पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला जाऊन येते.

कवड्या धीवर मात्र इथेही तोच. काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा, मग दगडासारखा खाली. भिगवणला दिसतो तोच पक्षी, तीच जात.

बेट म्हणजे एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाची वर राहिलेली कड. म्हणूनच त्याचा आकार चंद्रकोरीसारखा आणि नावही तेच. कोरीच्या आतल्या बाजूला सरोवर सगळ्यात खोल आहे. पाणी कमी असतं तेव्हा हे बेट जमिनीला जोडलेलं असतं. आम्ही गेलो तेव्हा चारी बाजूंनी पाणी. सिंह वगैरे मोठे शिकारी इथे नाहीत. म्हणून तर पायी चालू देतात. पण "शिकारी नाहीत म्हणजे धोका नाही असं नाही," हे वाटाड्यानं धक्क्यावरच बजावलं आणि पहिल्यांदा आम्हाला नेलं ते जनावरांकडे नाही, तर पाण्यापासून वर येणाऱ्या एका वाटेकडे.

ती वाट बघून मी चटकन म्हणाले, "चाकोरी!" खरोखर बैलगाडीची चाकोरी वाटावी तशी. दोन समांतर खोलगट पट्टे आणि मधोमध गवताचा उंचवटा. पण इथे गाडी कुठली? पाणघोड्याचं अंग इतकं रुंद की उजवे पाय एका पट्ट्यात पडतात, डावे दुसऱ्यात. रोज रात्री तो याच वाटेनं वर येतो, चाळीस किलोपर्यंत गवत खातो आणि उजाडायच्या आत परततो. आजूबाजूचं गवत त्यानं हिरवळीसारखं कातरून ठेवलेलं होतं. झुडपांवर शेणाचे शिंतोडे, कारण शेपटी गरगर फिरवून तो ते उडवतो.

"या वाटेवर उभं राहायचं नाही," वाटाड्या म्हणाला. "पाणघोडा जमिनीवर घाबरला की त्याला एकच सुचतं, पाणी. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जो असेल, त्याची खैर नाही." म्हणून उंच गवत आणि पाणी यांच्या मधून चालायचं नाही, झुडपात वाकून बघायचं नाही, आणि संध्याकाळच्या आत बेट सोडायचं. गवतात अजगरही असतात, तेव्हा पाय टाकण्याआधी नजर टाकायची. हे शेवटचं आम्हा गावाकडच्यांना शिकवायला लागलं नाही.

मग चालणं सुरू झालं. फार तर दोन-तीन किलोमीटर असेल, पण आम्हाला तीन तास लागले.

सावलीला तापाची झाडं. ही आपल्या बाभळीच्या कुळातली, पण खोड पिवळट हिरवं, झाडाला हळद माखल्यासारखं. हात लावला तर बोटाला पिवळसर पूड लागली. सालीतच हरितद्रव्य आहे, म्हणून खोडही अन्न तयार करतं. जुन्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाहिलं की या झाडांखाली तळ ठोकला की ताप येतो, म्हणून झाडालाच तापाचं झाड म्हटलं. ताप डासांचा होता. झाड बिचारं ओलाव्याला वाढतं, डासही तिथेच. दोष नावात कायमचा राहिला. मला हे ऐकून त्या झाडाविषयी उगाच माया वाटली आणि दुपारचा डबा मी मुद्दाम त्याच्याच खाली बसून खाल्ला.

जिराफ दिसण्याआधी त्याची सावली दिसली. मग लक्षात आलं की समोरच्या झाडात चार पाय वेगळेच आहेत. मसाई जिराफ, अंगावरचे ठिपके वेलीच्या दातेरी पानांसारखे. इथे वाटाड्यानं दुसरा धडा दिला. जिराफ मान वर करूनच खातो, त्यामुळे झेब्र्याचा नियम त्याला लागू नाही. त्याचे कान बघायचे. दोन्ही कान आपल्याकडे वळून स्थिर झाले की आपलं भान त्याला लागलं. मग गळा बघायचा. आम्ही बसलो. बराच वेळ तो आमच्याकडे एकटक बघत राहिला. आणि मग त्याच्या त्या लांबलचक गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला, खालून वर, सावकाश, तोंडापर्यंत, आणि जबडा आडवा आडवा फिरू लागला. रवंथ! गोठ्यात गाय करते तेच, तितकंच निवांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हा, आता त्यानं आपल्याला माफ केलं," वाटाड्या हळूच म्हणाला. उठून निघाला तेव्हा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे, मग दुसऱ्या बाजूचे, उंटासारखी चाल.

वॉटरबकचा आधी वास आला. तेलकट, उग्र. दाट केसांचं, गाढवाएवढं भरदार हरीण. शिंगं फक्त नराला. धोका वाटला की हे पाण्यात शिरतं. वाऱ्याची दिशा बघायला मी तिथे शिकले, कारण आपल्याला त्याचा वास येतोय म्हणजे त्याला आपला येत नाही.

इतकं सगळं छान चाललेलं असताना एक वाईट गोष्टही घडली. दुसऱ्या होडीतून आलेल्या काही जणांनी झेब्र्यांबरोबर फोटो हवा म्हणून त्यांच्या दिशेनं पळत जायला सुरुवात केली. कळप उधळला. एक शिंगरू उलट्या बाजूला धावलं आणि एकटं पडलं. ते कान पाडून इकडेतिकडे बघत होतं. मला संताप आवरेना, मी मराठीतच ओरडले. त्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला असावा, ते थांबले. वीसेक मिनिटांनी आई परत आली आणि शिंगरू तिला चिकटलं. तोवर आमच्यापैकी कोणी जागचं हललं नाही. वाटाड्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शीण होता. त्याला हे नेहमीचं असणार.

परतताना एका तापाच्या झाडावर काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर शेंडी असलेला पक्षी. मी ह्यांचा हात धरला. चातक! आफ्रिकेत कायमचे राहणारे चातकही आहेत, पण आपल्याकडचे चातक हिवाळा इकडे काढतात आणि नैऋत्य वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पावसाच्या पुढे आपल्या माळावर पोचतात. मी वाटाड्याला सांगितलं, आमच्याकडे म्हणतात, हा पक्षी फक्त पावसाचं पाणी पितो. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे जूनमध्ये याची वाट बघतात, आणि आम्ही इथे रोज बघून लक्ष देत नाही." त्यानं वहीत नाव लिहून घेतलं, चा-त-क, असं तोडून.

दुसऱ्या दिवशी सरोवराच्या दक्षिणेला हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात गेलो. १९८४ मध्ये झालेलं, ६८ चौरस किलोमीटरचं; केनियातल्या मोजक्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक जिथे पायी किंवा सायकलवर फिरता येतं. लाल कडे, फिशर टॉवर नावाचा सुळका, आणि मागे ओल्कारियाच्या भूगर्भातल्या वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राचे पाइप. ह्यांना तिथून हलवणं कठीण झालं. दरीतल्या घळीत मी उतरले नाही, आकाश भरून आलं होतं आणि तिथे अचानक लोंढा येतो.

पण सांगायचं ते वेगळंच. रस्त्याच्या कडेला पंचवीसेक रानम्हशी. हेल्स गेटमध्ये कुंपण नाही आणि रानम्हैस काही झेब्रा नव्हे. आमची पावलं आपोआप थांबली. मी तोंडांकडे बघितलं. सगळी तोंडं थांबलेली होती. एकही जबडा हलत नव्हता. आम्ही मागे सरकलो, आणखी मागे, जवळपास शंभर पावलं, आणि एका गाडीच्या आडोशाला उभे राहिलो. चाळीस मिनिटं. सायकलवाली काही तरुण मुलंही आमच्यामागे थांबली, मी त्यांना खूण करून सांगितलं. शेवटी एका म्हातारीनं मान खाली घातली, मग दुसरीनं, आणि कळप चरत चरत कड्याकडे सरकला.

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं बेटावर परत गेले. तिथे वाटाड्याशिवायही चालू देतात. या वेळी आम्ही दोघंच. पाणघोड्याची चाकोरी सोडून, वारा तोंडावर घेऊन, झेब्र्यांच्या इतक्या जवळ बसलो की त्यांचं गवत तोडणं ऐकू येत होतं. करकर, करकर. ह्यांचा गुडघा दुखत होता, पण ते उठले नाहीत, कारण उठले असते तर मादीनं मान वर केली असती.

बारानंतर वारा सुटला. 'नैवाशा' हा शब्द मसाई भाषेतल्या नाइपोशावरून आला, म्हणजे खवळणारं पाणी; दुपारी लाटा उठतात म्हणून. होडीवाल्यानं घाई केली. लाटा चुकवायला त्यानं काठाकाठानं, मेलेल्या झाडांच्या मधून होडी घातली. ह्यांनी विचारलं, जुना धक्का कुठे होता? त्यानं बोट सरळ खाली केलं. होडीच्या खालीच.

तेवढ्यात काठावरच्या वॉटरबकच्या मादीनं मान वर केली. तोंडात गवताची काडी तशीच. मी होडीवाल्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं काही न विचारता इंजिन बंद केलं. पाणी होडीच्या कडेला चुबूकचुबूक वाजत होतं. ती बघत होती. आम्ही बघत होतो. मग काडी हलली, जबडा फिरला, मान खाली गेली. होडीवाल्यानं इंजिन लावलं नाही. वल्ह्यानंच झाडाच्या एका पांढऱ्या खोडाला रेटा देऊन त्यानं होडी हळूहळू बाहेर काढली.